माझ्या आधी आलेला माणूस

कार्तिक उतरणीला लागला की ब्रह्मपुरीच्या हवेला तणसाचा वास येतो. नव्या तांदळाचा सुवास वेगळा. तो स्वयंपाकघरातून येतो आणि सगळ्यांना आवडतो. मी म्हणतो तो वास कापून पडलेल्या, रात्रीच्या दवानं भिजून दिवसा पुन्हा सुकलेल्या धानाच्या काडीचा. थोडा कुबट, थोडा गोड, नाकात बारीक कुसळ गेल्यासारखा. गाड्या भरभरून मिलकडे जातात, रस्ताभर काड्या सांडतात, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझा हात आपोआप पेटी शोधायला लागतो. धान खळ्यावर आलं की माझ्या नोकरीचा हंगाम सुरू व्हायचा. गावोगाव फिरून मी लहान मुलांना देवी टोचत असे.

आता देवीचा रोग उरला नाही आणि देवी टोचणारेही उरले नाहीत. एस.टी.त शेजारी बसलेल्या एखाद्या म्हातारीचा पदर सरकतो आणि दंडावर दोन गोल, पांढरट वण दिसतात. पहिल्यांदा मनात येतं, हे माझ्या हातचे असतील का? लगेच दुसरा विचार येतो, अजूनही येतो, की नाही, हे शंकरभाऊंच्या हातचे असणार. मग खिडकीबाहेर बघत बसतो.

शंकरभाऊ माझ्या आधी त्या भागात हेच काम करत होते. आयुष्यात मला सगळ्यांत जास्त मत्सर वाटला तो या माणसाचा, आणि ज्या हिवाळ्यात तो वाटला त्या संबंध हिवाळ्यात मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.

पन्नास साल मागे पडून काही वर्षं झाली होती. चंद्रपूरला सगळे चांदा म्हणत, आणि गडचिरोली हा त्याच जिल्ह्यातला जंगलाकडचा तालुका होता. मी वर्ध्याकडचा, कापसाच्या मुलखातला, चोवीस वर्षांचा, एकटा. बदली होऊन ब्रह्मपुरीला आलो तेव्हा माझ्याकडे एक सायकल आली आणि एक लाकडी पेटी. पेटीत स्पिरिटचा दिवा, फिरकीची सुई, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लसीच्या काचेच्या बारीक नळ्या आणि मुलांच्या नावांचं रजिस्टर. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची गावं माझ्याकडे होती. सायकल जाईल तिथपर्यंत सायकल, पुढे कोणाची बैलगाडी मिळाली तर गाडी, नाहीतर पाय. गावात पोचलो की कोतवाल हाक देत फिरायचा, आया लेकरं घेऊन यायच्या. मी दंड पुसायचा, लसीचा थेंब ठेवायचा आणि त्यावर सुई टेकवून फिरकी फिरवायची. लेकरू किंचाळायचं. आठव्या दिवशी पुन्हा जाऊन फोड धरला का ते पाहायचं. म्हणजे प्रत्येक गावात मी दोनदा जात असे, एकदा रडवायला आणि एकदा रडवलेलं नीट उमटलं का ते तपासायला. अशा माणसाला कोणी चांगलं म्हणावं ही माझी अपेक्षाच नव्हती. पण माझ्या आधीच्या माणसाला सगळे चांगलं म्हणत होते, आणि तेच मला सोसेना.

पळसगाव हे माझं पहिलं गाव. मी वडाखाली पेटी उघडली तशी पोरं खळ्याकडे पळाली आणि धानाच्या पुंजण्यांवर चढून बसली. एक म्हातारी काठी टेकत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“ते भाऊ नाई आले?” तिनं विचारलं.

“कोण भाऊ?”

“शंकरभाऊ जी. देवीवाले.”

“त्यांची बदली झाली, आजी. अहेरीकडे.”

“अरे बापा,” म्हातारी म्हणाली आणि कोणी गेल्याची बातमी ऐकावी तशी खाली बसली.

तेवढ्यात सहा-सात वर्षांचा एक पोरगा पुंजण्यावरून उतरून सरळ माझ्यापुढे आला. दंड पुढे करून म्हणाला, “पयले मासोळी काढा.”

मला काही कळेना. कवडू कोतवालानं समजावून सांगितलं. “शंकरभाऊ टोचाच्या आधी शाईच्या पेन्सिलीनं दंडावर मासोळी काढत जी. कोनाले मोर, कोनाले बैल. आन् डोळ्याच्या जागी टोचत. मंग पोट्टे रडत नोहोते. डोळा कसा फुगते ते आठ दिवस पाह्यत बसत.”

असं काही करणं नियमात बसत नव्हतं. पण पोरगा दंड मागे घेईना. मी पेन्सिल ओली केली आणि मासा काढला. पोरानं मान वाकडी करून तो नीट पाहिला.

“हे त चप्पल हाये,” तो म्हणाला.

सगळं गाव हसलं. म्हातारीही हसली. मीसुद्धा हसल्यासारखं केलं. पण दुपारी गाव सोडल्यावर मोहाच्या झाडाखाली सायकल टेकवून मी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर मासे काढत बसलो. एकाचीही शेपटी जमली नाही. मग रागारागानं ते पान फाडलं आणि वाटलं, वरच्या साहेबांना कळवावं की आधीचा माणूस मुलांच्या दंडावर घाणेरड्या पेन्सिलीनं चित्रं काढत होता. कळवलं नाही. पण मनात वाक्यं जुळवून झाली होती, हे खरं.

त्या हिवाळ्यात मी जिथे गेलो तिथे तो माणूस माझ्या आधी पोचलेला असे. एका गावचे पाटील मला जेवायला वाढत होते आणि शंकरभाऊ किती भात खात ते सांगत होते. मी दुसऱ्यांदा नको म्हटल्यावर त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवताना असा उसासा टाकला, की मी भुकेला असूनही पुन्हा मागू शकलो नाही. एका शाळेतल्या गुरुजींनी त्यांच्याकडून शिकलेली पक्ष्यांची शीळ मला वाजवून दाखवली. एकदा जंगलातल्या वाटेनं बैलगाडीतून जात होतो. धुळीत वाघाचा ताजा पंजा दिसला. बैल बुजले, गाडीवान खाली उतरून त्यांना चुचकारू लागला आणि मी फळीला घट्ट धरून बसलो.

“शंकरभाऊ या वाटेनं एकटे पायी जात,” गाडीवान म्हणाला.

“मग जाऊ दे त्यांना,” मी म्हणालो.

गाडीवान दचकून माझ्याकडे बघायला लागला. मी वाघाला भ्यालो असं त्याला वाटलं असेल. त्या क्षणी माझ्या मनात वाघ नव्हताच.

वय झालं की या जुन्या गोष्टींकडे शांतपणे बघता येतं, असं माझ्या बरोबरीचे लोक म्हणतात. मला तसं काही जमलेलं नाही. आजही त्या गाडीवानाचं वाक्य आठवलं की छातीत तोच बारीक चटका बसतो. फरक एवढाच की तेव्हा मी त्याला मत्सर म्हणत नव्हतो. तेव्हा वाटायचं, हे लोक अडाणी आहेत, यांना काम करणारा माणूस आणि गोड बोलणारा माणूस यातला फरक कळत नाही. माझी नोंदवही त्यांच्यापेक्षा स्वच्छ होती. फोड न धरलेल्या मुलांचा माझा आकडा त्यांच्यापेक्षा कमी होता, मी जुनी रजिस्टरं काढून ताडून पाहिलं होतं. पण नोंदवही बघून कोणी कोणाची वाट बघत नाही.

नदीपलीकडे कोसमटोला नावाची ढिवरांची, मासेमारी करणाऱ्यांची वस्ती होती. पंधरा-वीस घरं, कवेलूची छपरं, अंगणात वाळत घातलेली जाळी आणि त्यांचा ओला, मासळीचा वास. डोमा नावाचा एक अबोल माणूस मला डोंग्यातून पलीकडे नेत असे. झाडाचं एकच खोड कोरून केलेली ती अरुंद होडी. जरा हललं की पाणी आत. डोमा एका हातानं वल्हं मारायचा आणि दुसऱ्या हातानं माझी पेटी धरून ठेवायचा. त्याची बायको सरजाबाई. काळीसावळी, उंच, खणखणीत आवाजाची. कोसमटोल्यात मी ज्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, पेटी उघडत असे, ती तिची.

तिच्या सपरीत एक खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. पहिल्या दिवशी मी दमून ती आडवी करायला गेलो, तर सरजाबाई लगबगीनं आतून चटई घेऊन आली.

“इथी बसा जी, साहेब. ती शंकरभाऊची खाट हाये.”

मी चटईवर बसलो. अंगणातल्या बाया हसल्या नाहीत, त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

का ते पुढे कळलं. सरजाबाईला एकच भाऊ होता आणि तो लहानपणीच देवीनं गेला होता. पुढे तिची मुलगी भिवरा पाच वर्षांची असताना वस्तीत पुन्हा देवी आली. मातामायच्या ठाण्यावर नवस झाले, घरांच्या दारांवर कडुनिंबाचे डहाळे लागले. लोक टोचून घ्यायला तयार नव्हते. देवी कोपेल म्हणत. शंकरभाऊ नऊ दिवस त्या सपरीत राहिले. त्यांनी आधी स्वतःच्या दंडावर टोचून घेतलं, मग भिवराच्या, आणि फोड फुगेपर्यंत सगळ्यांना रोज दाखवत बसले. वस्तीतली चार लेकरं तोवर गेली होती. पाचवं गेलं नाही. तेव्हापासून शंकरभाऊ सरजाबाईचे भाऊ झाले आणि भिवराचे मामा.

हे ऐकल्यावर माझा मत्सर ओसरायला हवा होता. उलट तो वाढला. गोड बोलण्याचा हेवा करता येतो आणि त्याला खोटंही म्हणता येतं. या नऊ दिवसांना मी काय म्हणणार होतो?

पौषातल्या फेरीत सरजाबाईनं मला पोस्टकार्ड लिहायला लावलं. भिवराचं लग्न ठरलं होतं. भिवरा आता सोळा वर्षांची, आईसारखीच उंच, आपलं नाव निघालं तशी सूप घेऊन घरामागच्या सांदवाडीत गेली.

“शंकरभाऊले कळवाचं हाये,” सरजाबाई म्हणाली. “मामा पाठीशी उभा पाह्यजे न. लिवा.”

तिनं सांगितलं, मी लिहिलं. ‘सप्रेम नमस्कार, आपल्या कृपेने चि. भिवरा हिचा विवाह निश्चित झाला असून,’ असं माझ्या शाळेतल्या मराठीत. मग वाचून दाखवलं. तिचं तोंड उतरलं.

“असं नाई जी. हे माह्यं नाई. म्या सांगतो तसंच लिवा. नाईतर त्याले वाटंल, दुसऱ्याच कोनाची चिठ्ठी हाये.”

मी दुसरं कार्ड काढलं आणि जसंच्या तसं लिहीत गेलो. “शंकरभाऊले सरजाचा नमस्कार. भिवराचं जमलं. पोरगा आरमोरीकडचा हाये, जाळं बी विनते आन् बैल बी हाकते. होळीच्या आठ रोज आधी लग्न हाये. तुले मामा म्हून उभं राह्याचं हाये. तू नाई आला त मी कोनाले उभं करू? माह्या एक भाऊ देवीनं नेला, दुसरा देवीनंच देल्ला. तुयी खाट कोनाले देली नाई. ये.”

‘तुयी खाट कोनाले देली नाई’ हे वाक्य माझ्या हातानं लिहिताना पेन्सिल कागदातून आरपार गेली.

ब्रह्मपुरीच्या डाकघराबाहेर लिंबाच्या झाडाला लाल डबा टांगलेला असे. मी त्याच्यापुढे उभा राहिलो, कार्ड हातात होतं. एकदा पुन्हा वाचलं. वाटलं, आज नको, उद्या टाकू, अजून दीड-दोन महिने आहेत. दुसऱ्या दिवशी नागभीडच्या बाजूला गेलो. परत आल्यावर डाक निघून गेली होती. मग रोज काही ना काही निघत गेलं. मी कार्ड फाडलं नाही, जाळलं नाही. ते रजिस्टरच्या शेवटच्या पानात होतं, सपाट, नीट, आणि मी ते रोज बघत होतो. आपण काही केलेलं नाही, असं मला त्या दिवसांत अगदी मनापासून वाटत होतं. काही न करणंही पाप असतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं.

माघ सरला. बांध्यांमध्ये धानामागून पेरलेली लाखोळी निळी फुलली. पळस उघडले. सरजाबाई दर फेरीला विचारायची, “आली का जी चिठ्ठी?” मी म्हणायचो, “तिकडची डाक उशिरा पोचते.” ती मान डोलवायची. एकदा तिनंच मला समजावलं, “काम असते न त्याइले. ऐन टायमाले येतीन, पाह्यजा.”

लग्नाला मला बोलावणं होतं. मी गेलो. का गेलो, याचं खरं उत्तर हे की तो येणार नाही हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि तो आलेला नाही हे मला बघायचं होतं.

जांभळीच्या हिरव्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. हळदीचा वास, मोहाच्या फुलांचा वास, डफड्यांचा आवाज. नवरदेवाकडची मंडळी येऊन बसली होती. डोमा सकाळपासून तीनदा रिकामा डोंगा घेऊन पैलतीराला जाऊन आला. प्रत्येक वेळी वस्तीतलं कोणीतरी घाटावर हात कपाळाला लावून उभं असायचं आणि प्रत्येक वेळी डोमा एकटाच परत यायचा. तिसऱ्यांदा आल्यावर त्यानं डोंगा ओढून वर वाळूत घेतला.

“वेळ झाली,” म्हातारे म्हणाले. “मामा कुठी हाये?”

सरजाबाई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमीच उभे राहा न जी. तुमी बी देवीवालेच.”

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. अंगावर काटा आला इतका आनंद झाला. माझ्या कपाळाला कुंकू लागलं, खांद्यावर शेला आला, बायांनी माझ्याकडे बघून गाणं म्हटलं. मी भिवराच्या पाठीशी उभा राहिलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तांदूळ उडत होते. संबंध हिवाळाभर जे मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि काही क्षण तरी मी ते पोटभर घेतलं.

भिवराचे खांदे थरथरत होते. सगळ्याच नवऱ्या रडतात, मी मनात म्हटलं. पण निघताना पाया पडायला वाकली तेव्हा तिनं हळूच विचारलं, “शंकरमामा बिमार त नाई न जी? तुमाले काई ठाव असंल त सांगा. मी मायले नाई सांगत.”

तिला राग आलेला नव्हता. तिला काळजी होती. आपल्या माणसाबद्दल अशी काळजी करता येते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “बरे आहेत ते.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्याच आठवड्यात मी ते कार्ड लिफाफ्यात घातलं, बरोबर चार ओळी लिहिल्या: पत्र माझ्याकडे होतं, मी टाकलं नाही, चूक माझी, लग्न होऊन गेलं. लिफाफा त्याच लाल डब्यात टाकला आणि तो आत पडल्याचा आवाज ऐकूनच घरी आलो.

वैशाखात एक दिवस दारात एक बुटका, टक्कल पडलेला माणूस छत्री मिटवत उभा होता. “मी शंकर,” म्हणाला. “कामानं आलो होतो, म्हटलं भेटून जावं.” माझ्या मनातला माणूस उंच होता, रुंद छातीचा होता. हा माणूस माझ्या खोलीभर बघून हसला, मी रजिस्टर किती नीट ठेवलं आहे ते म्हणाला, आणि पत्राबद्दल एक शब्द बोलला नाही. शेवटी मीच विषय काढला. “होतं हो असं,” तो म्हणाला. “चला, जाऊन येऊ कोसमटोल्याला.”

उन्हाळ्यात वैनगंगेचं पात्र वाळूचं होतं. मधून पाण्याची एक धार, आणि वाळूत ढिवरांनी लावलेल्या टरबुजांच्या वाड्या. आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. सरजाबाई अंगणात मासे सुकवत होती. तिनं मान वर केली, आणि हातातलं टोपलं तसंच खाली पडलं.

“आता आला?” ती ओरडली. “आता आला काऊन तू? पोरगी गेली न सासरी! तीन खेपा डोंगा धाडला तुह्यासाठी! सारी वस्ती घाटावर उभी होती. लाज नाई वाटली तुले? चिठ्ठी धाडली होती न म्या, हातपाय मोडले होते का तुये?”

शंकरभाऊ खाली मान घालून हसत उभे होते. “कामात राह्यलो बाई. चुकलं.”

ती बोलतच राहिली, रडत रडत बोलत राहिली. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो आणि माझ्या मनात काय आलं ते लिहायलाही संकोच वाटतो. मला त्या शिव्यांचा हेवा वाटला. माझ्यावर ती कधी अशी चिडली नसती. मला तिनं कायम चटई दिली असती.

“पत्र मी टाकलंच नाही,” मी म्हणालो.

जाळं विणणाऱ्या डोमाचा हात थांबला. सरजाबाईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

“काऊन?” तिनं विचारलं.

मी भिंतीला उभ्या केलेल्या खाटेकडे बघितलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. शंकरभाऊंची खाट आडवी केली, त्यांना बसवलं. माझ्यासाठी चटई आली. दोन ताटं वाढली गेली, दोन्हींत मासळी सारखीच होती. “पोटभर जेवा, साहेब,” ती मला म्हणाली. त्या दिवसानंतर पुढची दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि आदरानं बोलली.

परत येताना ऊन उतरलं होतं. शंकरभाऊंना निघताना एक टरबूज मिळालं होतं, ते त्यांनी वाळूत बसून फोडलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं.

“मनाला फार लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “खरं सांगू का? चिठ्ठी वेळेवर आली असती तरी मी आलो असतो का, देव जाणे. तेव्हाच तिकडे अहेरीकडच्या एका गावात लग्न होतं. तिथेही त्यांनी मलाच मामा धरलंय. मोठी प्रेमळ माणसं. माझी खाटसुद्धा वेगळी ठेवतात.” ते हसले, त्यांनी बी थुंकून टाकली. “आपली नोकरी अशी. जिथे जावं तिथली माणसं आपली. एक गाव सुटलं की दुसरं असतंच की.”

ते वाईट नव्हते. ते नऊ दिवस खरे होते आणि वाळूतलं हे बोलणंही खरं होतं. पण माझ्या हातातलं टरबूज मला खाववेना. तीन खेपा गेलेला रिकामा डोंगा आठवला, खांबाला धरून उभी राहिलेली सरजाबाई आठवली. मागे फिरून तिला हे सांगावं असं वाटलं. एका वाक्यात तो माणूस त्या खाटेवरून उतरला असता आणि माझा अपराध निम्मा झाला असता. मी उभाही राहिलो. मग तसाच पुन्हा खाली बसलो. तिच्याकडून मी एकदा तिचा भाऊ हिरावला होता. दुसऱ्यांदा ते माझ्याकडून झालं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात भिवरा माहेरी आली होती, तिच्या मुलीला टोचायचं होतं. सरजाबाईनं नातीचा दंड माझ्यापुढे धरला. मी सुई टेकवली, पोर किंचाळली, सरजाबाईनं तिला छातीशी घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “शंकरभाऊची चिठ्ठी येते का जी तुमाले?”

त्या उन्हाळ्यानंतर मला त्यांचं एक अक्षर आलं नव्हतं. तिलाही आलं नव्हतं, ते तिच्या विचारण्यातच होतं.

“येते,” मी म्हणालो. “तुमची फार आठवण काढतात. भिवराला मुलगी झाली हे मी कळवलं, तर लिहिलंय की नाक सरजाबाईवर गेलं असेल तर पोरगी सगळ्या वस्तीला धाकात ठेवील.”

सरजाबाई हसली. मोकळं, मान मागे टाकून, अंगणभर ऐकू जाईल असं हसली. “आयकलं का वो भिवरा, तुया मामा काय म्हन्ते!” तिनं हाक मारली. भिवरा धावत बाहेर आली आणि मला ते वाक्य पुन्हा सांगावं लागलं.

पुढे बदली होईपर्यंत प्रत्येक हिवाळ्यात मी कोसमटोल्याला जाताना त्यांच्या नावाचा एक नवा निरोप रचून नेत असे. सायकलवर, वाटेत, शब्द जुळवत. कधी भिवराच्या नवऱ्याची चेष्टा, कधी डोमाच्या अबोलपणावर एखादा चिमटा. मला ते चांगलं जमायला लागलं होतं. सरजाबाई दरवेळी तशीच हसायची आणि म्हणायची, “त्याले आठोन हाये पाह्य, साऱ्याची आठोन हाये.” मी समोर चटईवर बसून तिचं हसू बघायचो. ते शब्द माझे होते, हसू शंकरभाऊंसाठी होतं, आणि मला त्यांचा पुन्हा पहिल्याइतकाच हेवा वाटायचा.